‘संस्कार’ आणि ‘संखार’ : एका शब्दाचे अनेक अर्थ

धम्मवर्गात त्रिलक्षणांचे विवेचन चालू असताना एका वृद्ध उपासिकेने प्रस्तुत लेखकास विचारले, “सर, सगळे संस्कार अनित्य म्हणता, मग लेकरांवर केलेले चांगले संस्कारही टिकायचे नाहीत का?” प्रश्न भाबडा वाटला, तरी त्याचा दोष उपासिकेकडे जात नाही. तो आपल्या मराठी अनुवादांकडे जातो. पालीतील ‘संखार’ या शब्दाच्या जागी आपण बहुधा डोळे मिटून ‘संस्कार’ हा शब्द ठेवतो. रूप जुळले म्हणजे अर्थही जुळला, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक तपासणे अगत्याचे आहे.

दोन्ही शब्द ‘सम्’ हा उपसर्ग आणि ‘कृ’ हा धातू यांपासून झाले आहेत. पाणिनीने या जोडीचे दोन अर्थ नोंदविले आहेत : एक भूषविणे आणि दुसरा एकत्र आणणे. ही नोंद आपल्या विषयाची किल्लीच आहे. पुढे निरनिराळ्या शास्त्रांनी या शब्दाला आपापल्या गरजेप्रमाणे वळण दिले. धर्मशास्त्रात संस्कार म्हणजे व्यक्तीला शुद्ध व अधिकारी बनविणारा विधी. गौतमधर्मसूत्रात अशा संस्कारांची संख्या 40 आहे. पुढे 16 ही संख्या रूढ झाली. चरकसंहितेत संस्कार म्हणजे पाणी, अग्नी, मंथन इत्यादींच्या योगे द्रव्याच्या मूळ गुणांत घडविलेला पालट. वैशेषिकांनी संस्कार हा गुण मानून त्याचे तीन प्रकार केले : सुटलेल्या बाणाचा वेग, स्मृतीला कारण होणारी भावना, आणि वाकविलेली फांदी पूर्वस्थितीला आणणारा स्थितिस्थापक. रोजच्या मराठीत मात्र संस्कार म्हणजे चांगले वळण. येथे भूषविण्याचा अर्थ वरचढ ठरला आहे.

बौद्ध परंपरेने प्रामुख्याने दुसरा अर्थ घेतला. अनेक कारणे एकत्र येऊन जे घडते आणि जे पुढे दुसरे काही घडविते, ते संखार. परंतु तिपिटकातही हा शब्द एकाच अर्थाने येत नाही. त्रिलक्षणांच्या संदर्भात कारणांनी घडलेली प्रत्येक वस्तू संखार होय. त्यात डोंगर आला, देह आला आणि साम्राज्यही आले. पंचस्कंधांतील संखार याहून मर्यादित आहे. अभिधम्मातील 52 चेतसिकांपैकी वेदना व संज्ञा वगळून उरणारी 50 चेतसिके या स्कंधात मोडतात. प्रतीत्यसमुत्पादात अविद्येनंतर येणारा संखार म्हणजे काया, वाचा व मन यांद्वारे कर्म घडविणारी चेतना. चूळवेदल्ल सुत्तात धम्मदिन्ना थेरी विसाख उपासकाला सांगते, की श्वासोच्छ्वास हा कायसंखार, वितर्क व विचार हा वचीसंखार, आणि संज्ञा व वेदना हा चित्तसंखार होय. वैशालीच्या चापाल चेतियापाशी भगवंतांनी जो आयुसंखार सोडला, त्याचा अर्थ जीवन धरून ठेवणारी शक्ती असा होतो. या सर्व ठिकाणी एकच ‘संस्कार’ शब्द लिहिणारा अनुवादक वाचकाला पाच वेगळ्या वाटांवर एकच पाटी लावून देतो.

ही केवळ शब्दांची चिकित्सा नव्हे. आपल्या समाजात ‘संस्कार’ हा शब्द निष्पाप राहिलेला नाही. मनुस्मृतीने शूद्राला संस्काराचा अधिकार नाकारला. ‘संस्कारी घराणे’ आणि ‘असंस्कृत माणसे’ या आजच्या बोलीतही त्या नकाराची सावली पडलेली असते. आता बौद्ध संस्कृत ग्रंथांकडे पाहावे. तेथे ‘असंस्कृत’ म्हणजे कारणांनी न घडलेले; थेरवादाच्या पालीत ‘असंखत’ ही संज्ञा एका निर्वाणालाच लागू होते. जो शब्द मराठीत शिवीच्या जवळ जातो, तोच धम्माच्या परिभाषेत सर्वोच्च अवस्थेचे नाव आहे. ‘निर्वाण असंस्कृत आहे’ असे वाक्य कोणतेही स्पष्टीकरण न देता छापणाऱ्याने आपल्या वाचकाचा विचार केला नाही, असेच म्हणावे लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अनित्यतेचे विवेचन करताना इंग्रजीत संयुक्त वस्तू या अर्थाची शब्दयोजना केली. घटकांच्या संयोगाने बनलेले ते अनित्य, हे त्यातून सामान्य वाचकालाही उमगते. ही दृष्टी आपल्या अनुवादकांनी मार्गदर्शक मानावी. त्रिलक्षणांत ‘घडलेल्या वस्तू’, प्रतीत्यसमुत्पादात ‘कर्मचेतना’, स्कंधांत ‘चित्ताच्या घडणी’ असे संदर्भानुसार शब्द योजावेत आणि सोबत मूळ ‘संखार’ राखावा. एका मूळ शब्दाला अनेक प्रतिशब्द दिल्याने परिभाषेची एकसूत्रता बिघडते, हा आक्षेप खरा आहे. पण मूळ शब्द शेजारी असल्यास ते सूत्र तुटत नाही. बालसंस्कार, अंत्यसंस्कार हे रूढ शब्द टाकून देण्याचेही कारण नाही. ते आपल्या जागी योग्यच आहेत, फक्त धम्मग्रंथांच्या परिभाषेत त्यांचा अर्थ मिसळू देऊ नये.

राहिला उपासिकेचा प्रश्न. शब्दांचा घोटाळा दूर केल्यावरही तो निकाली निघत नाही, उलट अधिक खोल होतो. मुलाला लावलेले चांगले वळण हेही कारणांनी घडलेले आहे. पुण्याभिसंखार हाही अखेर संखारच. म्हणून तेही आपोआप टिकत नाही. रोज जोपासावे लागते. भगवंतांच्या अंतिम उपदेशात संखारांच्या क्षयाची जाणीव आणि अप्रमादाचा आग्रह एकत्र येतात, ते याचसाठी. “टिकायचे नाहीत का?” या प्रश्नाला तेव्हा असे उत्तर द्यावयास हवे होते : जपले नाही तर टिकणार नाहीत, आणि कायमचे तर काहीच नाही; म्हणूनच जपावयाचे. हे उत्तर त्या दिवशी देता आले नाही, कारण लेखकही त्या एका शब्दातच अडकला होता.