बयेची बाजू

‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ या १९३३ च्या अमेरिकन संगीतपटांत प्रमुख नटीचा पाय जायबंदी होतो, तिच्या जागीं नर्तिकांच्या तांड्यांतली एक नवखी मुलगी उभी राहते आणि एका रात्रींत तिचें दैव उघडतें. यशापाठोपाठ प्रीति यावयाचीच, असा त्या सृष्टीचा भरंवसा आहे.

‘राजकमल’च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) या बोलपटाचाही विषय रंगमंच, कीर्ति व प्रीति हाच. वसंत देसाई यांचें संगीत त्यास लाभलें. रहिमतपुराहून औंध फारसें दूर नाहीं; त्याच औंध संस्थानांतील माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनीं रचलेली कवनें इकडील श्रोत्यांस घरचीं वाटावीं, यांत नवल नाहीं.

येथें ब्राह्मण कवि तमाशांत शिरतो, तेव्हां घर आणि जात दोन्ही दुरावतात. यशाची किंमत हा बोलपट झांकून ठेवीत नाहीं, हें त्याचें मोठेपण होय. तथापि एक उणीव आम्हांस जाणवते. शाहिरानें गमावलेलें सर्वांस दिसतें. बया नर्तकीपाशीं गमावण्याजोगी प्रतिष्ठाच नव्हती, म्हणून तिच्या दुःखाचा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

बयेची भूमिका हंसा वाडकर यांनीं केली. त्या स्वतः पोरवयांतच घराच्या गरजेपायीं चित्रपटांत आल्या होत्या. ती कहाणी त्यांनीं ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) या आत्मकथनांत सांगितली. १९७७ चा ‘भूमिका’ हा चित्रपट तिच्याच आधारें निघाला. रसिकांनीं आधीं तें पुस्तक वाचावें व मग ‘रामजोशी’ पाहावा. म्हणजे बयेच्या हास्यामागचें मौन ऐकूं येईल.