फ्रिज आणि दोरी

माझ्या आजीकडे फ्रिज नव्हता. दोरी होती.

लातूरकडच्या आमच्या गावात घराच्या मागच्या अंगाला, बाभळीपासून भिंतीतल्या खुंटीपर्यंत ताणलेली. एरवी तिच्यावर धुणं असायचं. उन्हाळ्यात दोन-तीनदा मात्र तिच्यावर चान्या वाळत घातलेल्या असायच्या. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चान्या म्हणजे मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या. मराठवाड्याच्या उन्हात त्या वाळून चामड्यासारख्या व्हायच्या. मग त्या मडक्यात भरून ठेवायच्या आणि पावसाळ्यात हाताला काम नसलं की निखाऱ्यावर भाजून नाहीतर पातळ कालवणात टाकून खायच्या. कावळे हाकलायचं काम माझ्याकडे असायचं. रस्त्यानं येणारे-जाणारे बघायचे, काहीजण नाकाला रुमाल लावायचे. आजी म्हणायची, "बघू दे. त्येंच्या ताटातलं हाय का?"

मी स्वतः हे खात नाही. आमच्या घरात ते आईनं बंद केलं. त्याआधी पणजोबांच्या पिढीनं मेलेल्या ढोराचं मांस सोडलं होतं, कारण बाबासाहेबांनी तसं सांगितलं होतं. पुढं आजी बाजारातून विकतचं आणायची, आणि आई लग्न होऊन शहरात आल्यावर तेही थांबलं. म्हणजे आमच्या घराचा इतिहास हा टप्प्याटप्प्यानं सोडण्याचा इतिहास आहे. कुणी विचार करून सोडलं, कुणी शेजाऱ्यांच्या लाजेनं. पण प्रत्येक वेळी निर्णय घरातल्याच कुणीतरी घेतला होता.

हे सगळं सांगायचं कारण, २०१५ साली महाराष्ट्रात आलेले दोन मजकूर मी इतक्या वर्षांनी शेजारी-शेजारी ठेवून वाचले. एक राज्याच्या राजपत्रात छापलेला, दुसरा पुस्तक म्हणून. पहिला म्हणजे गोवंश हत्याबंदीचा कायदा. दुसरं शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. दोन्हींचा विषय खरं तर एकच, लोकांनी काय शिजवावं. मग तिसरा मजकूर वाचणं आलंच. तो म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचा ६ मे २०१६ चा निकाल.

आधी कायदा. तुम्ही म्हणाल, कायद्याची कसली समीक्षा करायची? पण कायदा हाही मजकूरच असतो. त्यातही कुणीतरी बोलत असतं, कुणाला तरी उद्देशून बोलत असतं, आणि काही माणसं त्यातून गायब असतात.

गाय मारायला बंदी आपल्याकडे १९७६ च्या कायद्यापासूनच होती. बैल आणि वळू यांच्याबाबत मात्र सवलत होती, जनावर आता कामाचं नाही असा दाखला मिळाला तर ते कापता यायचं. १९९५ साली युती सरकारच्या काळात विधिमंडळानं ही वाटही बंद करणारी दुरुस्ती मंजूर केली. ती राष्ट्रपतींच्या सहीसाठी जवळपास वीस वर्षं पडून राहिली आणि मार्च २०१५ मध्ये लागू झाली. बातम्यांमध्ये भर होता तो हत्येवर. मारणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मी ज्या कलमांवर अडले ती मात्र वेगळी आहेत.

कलम ५क म्हणतं, या कायद्याचा भंग करून मारलेल्या गाय-बैलाचं मांस कुणी ताब्यात ठेवायचं नाही. इथवर निदान तर्क लागतो. चोरीचा माल घरात ठेवू नये, तसं काहीसं. पण ५ड त्याच्या पुढं जातं. महाराष्ट्राबाहेर मारलेल्या गाय-बैलाचं मांसही महाराष्ट्रात ताब्यात ठेवायचं नाही. म्हणजे ते जनावर जिथं कापलं तिथं कापणं कायदेशीर असलं तरीही. गोव्यात रीतसर विकत घेतलेला डबा घेऊन तुम्ही पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्यात शिरलात की त्याच डब्यापायी एक वर्षापर्यंतची शिक्षा किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जनावर आता वाचणार नव्हतंच. मग हे कलम नेमकं कुणाला वाचवत होतं? माझ्या वाचनात तरी ते कुणालाच वाचवत नाही, ते फक्त डब्यात डोकावतं.

आणि ९ब. गुन्हा केला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. आता वाळलेली चानी डोळ्यांसमोर आणा. म्हशीचं मांस तेव्हाही चालत होतं, आजही चालतं. पण वाळल्यावर म्हशीची चानी कुठली आणि बैलाची कुठली, हे माझी आजीही नुसतं बघून सांगू शकली नसती. तिनं पोलिसासमोर काय सिद्ध केलं असतं? आठवडी बाजारातल्या खाटकानं तिला पावती दिली असती का?

त्या वर्षी मुंबईत आम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये राहायचो. एक पेडण्याची होती. ती सुट्टीवरून आली की चोरीस आणायची. गोव्याचं चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, त्याचा या कायद्याशी काडीचा संबंध नाही. तरी एका संध्याकाळी बेल वाजली आणि घरमालकाचा माणूस नळ बघायला आत आला, तेव्हा चौघींपैकी कुणीतरी फ्रिजसमोर जाऊन उभी राहिली. कोण ते आता आठवत नाही, बहुधा मीच. (शब्दाचाही दोष आहेच. 'चोरीस' म्हटलं की निम्मा गुन्हा कबूलच होतो.) खटला भरणं ही फार पुढची गोष्ट झाली. कायदा त्याआधीच घरात येतो आणि तुम्हाला फ्रिजसमोर उभं करतो.

सरकारनं घरात शिरण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. दारू प्यायला आणि बाळगायला परवाना लागतो हे शनिवारी रात्री कुणाच्या गावीही नसतं. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या कायद्यातली काही कलमं उडवली आणि बाकीचा कायदा ठेवला. तो परवाना आज एक विनोद आहे, कारण बाटली ज्यांच्या घरात असते त्यांच्या घरावर सहसा कुणी धाड घालत नाही. मांसाचा कायदा विनोद झाला नाही. का झाला नाही, हे ज्यानं त्यानं आपापल्या वस्तीत विचारावं.

आता निकाल. न्या. अभय ओक आणि न्या. एस. सी. गुप्ते यांनी ५ड आणि ९ब ही दोन्ही कलमं रद्द केली. निकालाचा गाभा असा की माणूस आपल्या घरात काय खातो हा त्याच्या खासगीपणाचा भाग आहे आणि राज्याबाहेर रीतसर तयार झालेलं अन्न जवळ ठेवायला सरकार मनाई करू शकत नाही. ५क राहिलं, पण त्यासाठी ते मांस कसलं आहे हे माहीत असताना बाळगलेलं असायला हवं. लक्षात घ्या, हे २०१६ चं आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. त्या निकालातल्या आपल्या स्वतंत्र मतात न्या. चेलमेश्वर यांनीही काय खावं आणि काय ल्यावं हे सरकारनं सांगितलेलं कुणालाच आवडणार नाही, अशा अर्थाचं म्हटलं आहे. मुंबईचा निकाल त्याच्या वर्षभर आधी तिथं पोचला होता. वाचताना मला खरंच आनंद झाला. मैत्रिणीला मी त्यातल्या परिच्छेदांचे स्क्रीनशॉट पाठवत होते.

दुसऱ्यांदा वाचला तेव्हा थोडी थांबले. कारण हत्याबंदी निकालानं कायम ठेवली. त्यामागे मोठी परंपरा आहे. १९५८ च्या कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गायींची बंदी मान्य केली होती, पण निकामी झालेल्या बैलांवरची सरसकट बंदी नाकारली होती. हे गरिबांचं अन्न आहे याची नोंदही तेव्हा घेतली होती. २००५ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या खंडपीठानं बहुमतानं ती भूमिका बदलली, म्हातारा बैलही शेणा-मुतासाठी उपयोगी ठरला. उच्च न्यायालयाचे हात तिथं बांधलेले होते, हे मला कळतं. पण परिणाम काय झाला ते बघा. इथं कापायचं नाही, विकायचं नाही, बाहेरून आणलंत तर घरात खा. ज्याला बाहेरून आणणं परवडतं आणि आणलेलं टिकवायला ज्याच्याकडे काही आहे, त्याचं स्वातंत्र्य शाबूत राहिलं. आठवडी बाजारातून पावशेर-अर्धा किलो घेणाऱ्या बाईला या निकालानं काय दिलं? तिच्या बाजारातलं दुकानच उठलं होतं.

शिवाय खासगीपणा म्हटला की आधी दार लागतं. भिंती लागतात, पडदा लागतो, फ्रिज लागतो. निकाल ज्या घराची कल्पना करतो त्या घराला हे सगळं आहे. आजीची दोरी उघड्यावर होती. तिच्या अन्नाला आतली बाजूच नव्हती. ते टिकायचं म्हणजे सूर्याला दाखवावं लागायचं, आणि सूर्याला दाखवलं की गावालाही दिसायचं. तुमच्या घरात काय ते करा, सरकार बघणार नाही, हे वचन दोरीपर्यंत पोचत नाही.

इथं पाटोळ्यांचं पुस्तक कामाला येतं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाची ही नोंद आहे. थोडी आठवण, थोडी पाककृती, आणि बरंचसं भांडण. नावातच भांडण आहे. जेवणाआधीच्या श्लोकातल्या पूर्णब्रह्माला एक 'अ' जोडून त्यांनी सगळी पंगत उठवली आहे. २०२४ मध्ये भूषण कोरगावकरांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला तो 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' या नावानं. नाव माहिती नीट देतं, पण तो 'अ' त्यात हरवला याची मला चुटपुट लागली.

पुस्तक सुबक नाही. ते विषयावरून विषयावर उडी मारतं, रागात आलं की पाककृती अर्धी सोडून वाद घालायला लागतं. मोजमाप चमच्या-वाटीत शोधायला गेलात तर निराश व्हाल, ते सगळं अंदाजावर चालतं. माझी खरी तक्रार वेगळी आहे. हे स्वयंपाकघर एका पुरुषाच्या आठवणीतून आलं आहे. चूल फुंकणाऱ्या बाईला हे अन्न कसं वाटत होतं, चवीचं की नाइलाजाचं, ते मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. तरी पाटोळे एक गोष्ट करतात जी निकालालाही जमत नाही. ते दार लावून घेत नाहीत. आम्ही हे खायचो, असं करून खायचो, आणि यापायी तुम्ही आम्हाला वेशीबाहेर ठेवलंत, हे ते उघड्यावर, गावाला दिसेल असं मांडतात. खासगीपणाची सवलत ते मागतच नाहीत.

या पुस्तकाला उत्तर म्हणून एक मुद्दा नेहमी पुढं येतो. बाबासाहेबांनीच तर सोडायला सांगितलं होतं, मग आता हा उमाळा कशाला? १९२७ ला महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं आवाहन केलं, हे खरंच आहे. पण ते काय मागत होते ते नीट बघा. समोर बसलेल्या माणसांकडून ते निर्णय मागत होते. माझ्या पणजोबांनी सोडलं तेव्हा ते ताठ झाले, असं घरात सांगतात. २०१५ मध्ये आमच्या भावकीतल्या ज्यांनी बंद केलं त्यांच्यापैकी कुणी ताठ झाल्याचं मी पाहिलं नाही. ते नुसते गप्प झाले. ताटातून गेलेली वस्तू जवळपास तीच, पण 'सोडलं' आणि 'काढून घेतलं' या क्रियापदांचे कर्ते वेगळे आहेत.

गायीला जे पवित्र मानतात त्यांच्या भावनेला मी हसत नाही. माझ्या मामानं दुष्काळात म्हातारा बैल विकायला काढला तेव्हा तो रडला होता. विकायला काढला तरी रडला, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून तो परत आणला तेव्हाही रडला, कारण घरात कडबा नव्हता. राजपत्रात त्या बैलासाठी कलम आहे. कडब्यासाठी शोधलं, सापडलं नाही.

निकालानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मी त्याच्या तारखा बघत असते.

मागच्या दिवाळीत पाटोळ्यांचं पुस्तक आईला दिलं. तिनं चष्मा लावून चान्यांचं पान काढलं, दोनदा वाचलं आणि म्हणाली, "आमच्याकडं जरा जाड कापायच्या. पातळ कापल्या की कावळ्याच्या चोचीत पटकन जात्यात." मग आजी एका उन्हाळ्यात कावळ्यामागं काठी घेऊन पाटलाच्या वाड्यापर्यंत कशी पळाली होती ते तिनं सांगितलं. इतकं हसताना मी तिला बऱ्याच दिवसांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू फराळाला येणार होत्या. पुस्तक टीपॉयवर नव्हतं. कुठं गेलं म्हणून शोधलं, तर तिनं ते कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं होतं.