आठ मिलिमीटरचा डाग आणि एक अर्धवट वाक्य

मावशीचा सीटी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. पोटदुखी अपेंडिक्सची आहे का, एवढंच बघायचं होतं. अपेंडिक्स ठीक निघालं. पण खाली एक ओळ होती: यकृतात ८ मिमीचा डाग, 'टू स्मॉल टू कॅरेक्टराइज'. मावशीचा फोन लगेच. "म्हणजे कॅन्सर का गं?"

तुमच्याही घरी असा रिपोर्ट आला असेल. ते वाक्य खोटं नसतं. सीटीचं चित्र बारीक ठोकळ्यांचं बनतं आणि प्रत्येक ठोकळ्याचा आकडा ही तिथल्या सगळ्याची सरासरी असते. पाण्याचा आकडा शून्य हाउन्सफील्ड, साध्या सिस्टचा त्याच्या आसपास. पण काप ५ मिमी जाडीचा असेल तर एवढ्याशा सिस्टमध्ये शेजारचं यकृत मिसळतं, आकडा चढतो आणि पाणी 'गाठी'सारखं दिसायला लागतं. (माझी पीएचडी याच सरासरीच्या भानगडीवर चाललीये.) त्यामुळे रेडिओलॉजिस्टची अडचण मला कळते. माझा आक्षेप वेगळा आहे. 'ओळखता येत नाही' इथे वाक्य संपतं, मग शक्यता कशाची जास्त, हे राहूनच जातं.

त्यावर अभ्यास आहेत की! १९९९ मध्ये 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २९७८ कॅन्सर रुग्णांचे सीटी तपासले. ३७८ जणांच्या यकृतात १ सेंमीपर्यंतचे डाग होते. त्यातल्या सुमारे ८० टक्के रुग्णांचे डाग निरुपद्रवी ठरले, पसरलेला कॅन्सर निघाला साधारण १२ टक्क्यांत. आणि हे सगळे आधीच कॅन्सर असलेले लोक! पण इथेही जपून. 'निरुपद्रवी' हा शिक्का मुख्यतः नंतरच्या स्कॅनमध्ये डाग बदलला नाही म्हणून बसला. सुई घालून तपासून नव्हे. केमो चालू असताना न वाढलेला डाग खरंच साधा होता का, ही शंका मला तरी राहते. शिवाय मावशीला कॅन्सर नव्हताच, म्हणजे हे ८० टक्के तिला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तिची बाजू आणखी सुरक्षित.

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची २०१७ ची मार्गदर्शिका हे थेट सांगते: १ सेंमीपेक्षा लहान डाग, कमी जोखमीची व्यक्ती, तर पुढे काही करायची गरज नाही. जोखीम जास्त असेल तर ३ ते ६ महिन्यांत एमआरआय. मला हा सल्ला पटतो, पण त्याचा सगळा भार 'कमी जोखीम' या दोन शब्दांवर आहे. आणि ती ठरवायची कशावरून? मावशीच्या चिठ्ठीवर फक्त 'पोटदुखी' लिहिलं होतं. आधी कॅन्सर, कावीळ, सिरोसिस, दारू, काहीच नाही. ही माहिती स्कॅन वाचणाऱ्यापर्यंत पोचलीच नाही, तर उत्तम मार्गदर्शिकाही कपाटात राहते.

शेवटी तिच्या डॉक्टरांनी हेच चार प्रश्न विचारले. चारहीला 'नाही'. मावशीने एमआरआयची घेतलेली वेळ रद्द केली. अधूनमधून अजून विचारते, "तो डाग आहे ना गं तिथंच?"