इंजिनियर होण्यापूर्वींचीं वर्षें

मराठी कादंबरींत कॉलेज म्हणजे कला शाखेचें कॉलेज, हा संकेत इतका रूढ झाला आहे कीं, इंजिनियरिंगचा विद्यार्थी तेथें आलाच तर नायिकेच्या थोरल्या भावाचें काम करून निघून जातो. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'चा (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्यास येऊन बापाचे पैसे आणि आपलीं वर्षें दोन्ही उधळूं शकतो. परत जावयास त्याला घर आहे, शेती आहे. त्या कादंबरीची सारी मौज या उधळपट्टींत आहे. पण ज्याला उधळण्याजोगें कांहींच नाहीं, त्या विद्यार्थ्याचें काय?

त्याची गांठ घ्यावयाची तर आत्मचरित्रांकडे वळावें लागतें. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून १८८३ मध्यें एल. सी. ई. परीक्षेंत पहिले आले, आणि १८८४ मध्यें नाशिक येथें असिस्टंट इंजिनियर म्हणून रुजू झाले. 'मेम्वार्स ऑफ माय वर्किंग लाइफ' (१९५१) हें त्यांचें इंग्रजी आत्मचरित्र नांवाप्रमाणेंच कामाचें चरित्र आहे. विद्यार्थिदशा त्यांत थोडक्यांत आटोपते.

ज्या जिल्ह्यांत या थोर पुरुषाची नोकरी सुरू झाली, त्याच जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वरापलीकडे, गुजराथच्या हद्दीजवळ, हरसूल आहे. श्रावणांत धो धो पाऊस, आणि वैशाखांत आसपासच्या पाड्यांवर बायांच्या डोक्यावर हंडे! या मुलखाच्या पाण्यावर इंजिनियरांची दृष्टि आहेच: दमणगंगेवर भूगड येथें धरण बांधून तें पाणी मुंबईकडे नेण्याची दमणगंगा-पिंजाळ योजना आंखलेली आहे. असले नकाशे काढणाऱ्यांच्या पंक्तीस हरसूलचा मुलगा बसावा असें ज्यांस वाटतें, त्यांनीं त्याच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें? आमच्या दृष्टीनें हा वाङ्मयाचाच प्रश्न होय.

अच्युत गोडबोले यांचें 'मुसाफिर' हें आत्मचरित्र अशा वेळीं प्रथम आठवतें, आणि तें योग्यच आहे. सोलापूरचा, मराठींतून शिकलेला हुशार मुलगा मुंबईच्या आयआयटींत केमिकल इंजिनियरिंगसाठीं जातो, तेथल्या इंग्रजीनें बिचकतो, आणि मग वाचन, संगीत व मित्र यांच्या संगतींत फुलून येतो. हें सर्व मोकळेपणानें, गप्पांच्या ओघांत सांगितलें आहे. क्वचित् नांवांची व पुस्तकांची गर्दी होते, पण कंटाळा येत नाहीं. पुढें लेखक शहाद्याच्या भिल्लांच्या चळवळींत शिरतो व तुरुंगही पाहतो. आमचें लक्ष नेमकें येथें अडतें. आदिवासी या पुस्तकांत येतो तो पदवीनंतर, ज्याच्यासाठीं इंजिनियरानें जावें असा माणूस म्हणून. वसतिगृहांतला शेजारी म्हणून नव्हे. हा दोष लेखकाचा नाहीं. गोडबोले १९७२ मध्यें बाहेर पडले, आणि आयआयटींत राखीव जागा आल्या त्या १९७३ पासून. पण त्यानंतर अर्धें शतक उलटलें, त्या शेजाऱ्याचें पुस्तक कोठें आहे?

सामग्रीची वाण तर मुळींच नाहीं. घरीं कोकणा बोली, शाळेंत मराठी, आणि पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्सचें पुस्तक इंग्रजींत. २०२१ पासून तंत्रशिक्षण परिषदेनें भारतीय भाषांतून हें शिक्षण देण्यास मुभा दिली खरी, तथापि बहुतेक वर्गांतून फळ्यावर अजून इंग्रजीच आहे. सबमिशनच्या आदल्या रात्रीं कांचेखालीं दिवा लावून मित्राची ड्रॉईंग शीट उतरून काढतात, त्याला हीं मुलें 'जीटी मारणें' म्हणतात. एटीकेटी, इयर डाउन, व्हायवा हे शब्द त्यांच्या तोंडीं घरच्या नातेवाइकांसारखे असतात. इयर डाउन झालेला सधन घरचा मुलगा वर्षभर क्लास लावतो. दुसऱ्याला शिष्यवृत्ति व वसतिगृह यांचीच धास्ती. कादंबरीकारास याहून अधिक तें काय हवें!

तीस वर्षें शिकवितांना आम्हीं एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. ज्याच्या हाताला लहानपणापासून कोयता ठाऊक आहे, तो वर्कशॉपमध्यें कानस अशी धरतो कीं, शहरच्या मुलांनीं पाहत राहावें. लोखंडी तुकड्याची कड काटकोनांत येते, शिक्षक गुण्या लावून मान डोलावतात. तोच मुलगा दुसऱ्या दिवशीं व्हायवाच्या टेबलासमोर उभा राहतो, उत्तर त्याला येत असतें, आणि तो खालीं पाहून 'सॉरी सर' एवढेंच म्हणतो.