संत्रे कोणाच्या बागेतले?

कायद्याच्या विद्यार्थ्याला भांडायला शिकवतात, तडजोड करायला शिकवत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. आता ती तितकी खरी उरलेली नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी पर्यायी वाद-निवारण हा प्रात्यक्षिकासह सक्तीचा विषय केला. वर्गात दोघा-दोघांना समोरासमोर बसवून, प्रत्येकाच्या हाती गुप्त सूचनांचा कागद देऊन लुटुपुटीची बोलणी करवून घेतात. रीत चांगली आहे. पोरे पाठांतरातून सुटतात. पण या रीतीमागे जे पुस्तक उभे आहे, ते एखाद्या कथासंग्रहासारखे वाचून पाहावे असे मला बरेच दिवस वाटत होते. पुस्तक उपदेश करते तेव्हा आपण सावध असतो. गोष्ट सांगते तेव्हा नसतो.

पुस्तक म्हणजे रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचे १९८१ चे 'गेटिंग टू येस'. सांगणे थोडक्यात असे की, माणसे आपापल्या भूमिकेला चिकटून बसतात. त्या भूमिकेमागची गरज शोधली तर दोघांचेही भागते. दाखल्याला दोन बहिणींची गोष्ट आहे. एका संत्र्यावरून भांडतात आणि अखेर अर्धे-अर्धे वाटून घेतात. एक गर खाऊन साल फेकते, दुसरी साल केकसाठी ठेवून गर फेकते. आधी एकमेकींना विचारले असते तर दोघींनाही सगळे मिळाले असते.

गोष्ट गोड आहे. पण ती सुरू होते तेव्हा संत्रे टेबलावर आलेले असते. ते कोणाच्या बागेतले, कोणी तोडले, तोडणाऱ्याला त्यातली फोड मिळाली का, हे गोष्टीला ठाऊक नाही. शिवाय त्या बहिणी आहेत. एका घरात, एका पंक्तीला जेवणाऱ्या. ज्या समाजात पंगतच वेगळी, तिथे ही गोष्ट कुठून सुरू करायची?

लेखक अप्रामाणिक आहेत असे मला म्हणायचे नाही. समोरचा बलवान असेल तर काय, यावर त्यांनी एक प्रकरण लिहिले आहे आणि सारे बळ एकाच बाजूला असेल तर कोणतीही पद्धत यशाची हमी देत नाही, हेही कबूल केले आहे. त्यांचे उत्तर 'बॅटना' या संक्षेपाने प्रसिद्ध आहे: बोलणी फिसकटली तर आपल्या हाती उरणारा सर्वांत बरा मार्ग. तो आधी शोधा, वाढवा. तीच तुमची ताकद.

एका महाविद्यालयात अशा तासाला मी मागच्या बाकावर बसलो होतो. वाद सालगड्याचा आणि मालकाचा होता. उचल किती फिटली यावरून. सालगडी झालेल्या मुलाने चार मिनिटांत मालकाचा आकडा मान्य केला. लवकर माघार घेतली म्हणून गुण कापले गेले. तो म्हणाला, "सर, बोलणं फिसकटलं तर आज रात्री मी झोपायचं कुठं? खोपी मालकाच्याच वावरात आहे." सर म्हणाले, "ते तुझ्या कागदात नाही. ते धरू नकोस." सर भले गृहस्थ होते. कागदही वाईट नव्हता. त्यात सालगड्याने किती रकमेखाली उतरू नये ते होते. तो पाणी कोणाच्या विहिरीवर भरतो, तेवढे नव्हते.

त्या मुलाने धडा चुकीचा समजून घेतला नव्हता. आपला 'बॅटना' त्याने अचूक मोजला होता. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभासद होते. अस्पृश्याने हक्क मागितला की गाव काय करते, हे तिच्या अहवालात नोंदलेले आहे: कसायला दिलेली जमीन काढून घेणे, नेहमीची वाट बंद करणे, वाण्याने मीठमिरची न विकणे. गावकीच्या बोलण्यांत दुसऱ्या बाजूचा 'सर्वांत बरा मार्ग' हा असतो. मग पंच म्हणतात, मिटवून घ्या. मराठीत भांडण मिटते, डोळे मिटतात आणि तोंडही मिटते. क्रियापद एकच.

वर्गात शिकवायला याहून मोठे उदाहरण हवे असेल तर ते येरवड्याला आहे. १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा स्वतंत्र मतदारसंघांसह दिल्या. गांधीजींचे उपोषण २० सप्टेंबरला सुरू झाले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला: जागा १४८, मतदारसंघ संयुक्त. पुस्तकाच्या मोजपट्टीने हा यशस्वी वाटाघाटींचा नमुना ठरेल. आकडा दुपटीहून वाढला. पण आपला प्रतिनिधी आपणच निवडण्याचा हक्क त्या टेबलावरून उठला, आणि बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्याचा कठोर हिशेब मांडला. करार नाकारला असता आणि गांधीजींचे बरेवाईट झाले असते, तर गावोगावच्या वस्त्यांवर काय ओढवले असते? हा प्रश्न ज्याच्या उशाशी आहे, त्याच्या सहीला संमती म्हणायचे का? वाटाघाटींच्या अभ्यासक्रमाला खरे म्हणजे इथूनच सुरुवात करता आली असती. मी पाहिलेल्या टिपणांत कॅम्प डेव्हिड होते, येरवडा नव्हते.

महाडचे तसेच. चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्येच ठरावाने खुले केले होते. २० मार्च १९२७ ला लोक पाणी प्याले आणि डिसेंबरात सवर्णांनी दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. अनादी काळापासूनची वहिवाट सवर्णांना शाबीत करता आली नाही. जवळजवळ दहा वर्षे. एखादा कुशल मध्यस्थ बसला असता तर काम महिन्याभरात उरकले असते: वेगळा घाट, ठरावीक वेळ, हवे तर वेगळी विहीरही. दोघांची पाण्याची गरज भागली असती. पण पाणी ही तिथली गरज नव्हतीच.

येल विद्यापीठातील ओवेन फिस यांनी १९८४ मध्ये तडजोडीविरुद्ध लेख लिहिला, त्यात पैशाची व बळाची विषमता तडजोडीत मुरते हा मुद्दा आहे. तो लेख फिशर-युरींच्या शेजारी ठेवून वाचला पाहिजे. मात्र आपण फिसचेही भक्त होऊ नये. दहा वर्षे थांबणे महाडच्या लढ्याला परवडले, कारण मागे चळवळ होती. अपघातात नवरा गेलेल्या बाईला ते परवडत नाही. लोकअदालतीत तिला चार पैसे वेळेवर मिळतात, त्याला नाक मुरडणारा वकील तिचे घर चालवत नाही. प्रश्न तडजोड हवी की नको हा नाही. कोणत्या वादात ती बसवायची नाही, हे ओळखण्याचा आहे, आणि तेच शिकवले जात नाही.

२००७ पासून महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम आली. तंटे मिटवणाऱ्या गावाला बक्षीस. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने फौजदारी खटले बाहेर ठेवले हे बरे, पण परिसरातील शांतता व सलोखा बिघडवू शकणाऱ्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीची तरतूद केली. तिथे पक्षकारांची पूर्वसंमती लागते, आणि मध्यस्थांत समाजातील प्रतिष्ठित मंडळींना जागा आहे. आमच्या गावातली प्रतिष्ठित मंडळी कोण, हे मुंबईच्या वाचकालाही सांगायला नको.

मी त्या सरांना नंतर सुचवले की, कागदावर तीन ओळी वाढवा: घर कोणाच्या जागेत आहे, पाणी कुठून येते, आणि बोलणी मोडली त्या रात्री काय होईल. त्यांनी टिपून घेतले. पण म्हणाले, मग चाळीस मिनिटांत तास संपणार नाही.