संगीत पुरस्कारांची निवडप्रक्रिया आणि गोंधळ-जोगव्याचा स्वर

मोठ्या संगीत पुरस्कारांविषयी वाद होतो तो बहुधा विजेत्याच्या नावावरून. परीक्षकांची अभिरुची, लागेबांधे यांवर पुष्कळ बोलले जाते. परीक्षकांपुढे मुळात काय येऊ शकते हे ठरविणारे नियम मात्र दुर्लक्षित राहतात. तुळजाभवानीच्या धाराशिव जिल्ह्यातून पाहताना खरी निवड तेथेच होते असे दिसते.

राजीव पाटील दिग्दर्शित ‘जोगवा’ या चित्रपटाचे उदाहरण बोलके आहे. २००८ या वर्षासाठीच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत संगीत दिग्दर्शनाचा पुरस्कार अजय-अतुल यांना आणि पार्श्वगायनाचे दोन्ही पुरस्कार हरिहरन व श्रेया घोषाल यांना मिळाले. तेही ‘जीव रंगला’ या एकाच गीतासाठी. गीत उत्तम आहे. परंतु चित्रपटाचा विषय यल्लम्माच्या जोगत्या-जोगतिणींचे जीवन. गायनासाठी गौरव झाला तो प्रेमगीताचा. यात परीक्षकांना दोष देता येणार नाही. पार्श्वगायनाच्या पुरस्काराचे मोजमापच एक गायक आणि एक ध्वनिमुद्रित चित्रपटगीत असे आहे.

तुळजापूरच्या कदमराई गोंधळ्यांचा गोंधळ या मापात बसत नाही. दिवटीच्या उजेडात प्रथम देवदेवतांना आवाहन, मग संबळ-तुणतुण्याच्या साथीने आख्यान, मध्येच साथीदाराचा प्रश्न, त्यावर निरूपण, पुन्हा गाणे. यातील ‘गायक’ कोणता आणि ‘गीत’ कोठे सुरू होते? येरमाळ्याच्या येडेश्वरीपुढे आराधी मंडळी गातात तेव्हाही हाच प्रश्न पडतो. उलट आनंद भाटे (२०११, ‘बालगंधर्व’), महेश काळे (२०१५, ‘कट्यार काळजात घुसली’) आणि राहुल देशपांडे (२०२०, ‘मी वसंतराव’) या तिन्ही मानकऱ्यांचे चित्रपट नाट्यसंगीताच्या वा रागसंगीताच्या विश्वातले आहेत. त्या परंपरेत व्यक्तीचा कंठ आधीपासूनच वेगळा ओळखला जातो, म्हणून ती या चौकटीत सहज सामावते.

प्रक्रिया पारदर्शक केल्याने हे बदलते असेही नाही. ग्रॅमीने २०२१ मध्ये नामांकनांची छाननी करणाऱ्या गुप्त समित्या बहुतेक विभागांतून काढून टाकल्या आणि तो अधिकार मतदार सदस्यांकडे दिला. प्रकाशित ध्वनिमुद्रणाची अट अर्थातच कायम राहिली.

संगीत नाटक अकादमीला ध्वनिमुद्रणाची गरज नाही. तिने शाहीर साबळे, यमुनाबाई वाईकर यांचा गौरव केला, हे श्रेय तिला द्यावेच लागेल. तथापि हिंदुस्थानी गायन व वादन यांना स्वतंत्र स्थान देणाऱ्या या पुरस्कारांत लोकसंगीत, लोकनृत्य, लोकनाट्य, आदिवासी कला आणि बाहुलीनाट्य मात्र एकाच गटात येतात. गोंधळ्याची तुलना कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाशी कोणत्या निकषावर करावयाची? २०२२ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडूनही राष्ट्रीय सन्मान न लाभलेल्या कलावंतांसाठी अकादमीने अमृत पुरस्कार जाहीर केले. नेहमीच्या वाटेने किती जण मागे राहिले याची ती एक प्रकारे कबुलीच होती. नावे पुढे येतात ती प्रामुख्याने शिफारशींतून, आणि गोंधळ्याचे जाणकार श्रोते असतात ते यजमानाच्या अंगणात.