विंटेज वाहननियम आणि धुराचा प्रश्न : एक चिकित्सा

विजयादशमीस कोल्हापुरात छत्रपती घराण्याची संस्थानकालीन मेबॅक मोटार नवीन राजवाड्यातून दसरा चौकात येते. ही गाडी जतनाची वस्तू मानावी की रस्त्यावरील वाहन? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये जुलै २०२१ साली झालेल्या दुरुस्तीची चिकित्सा या प्रश्नापासूनच सुरू होते.

सदर दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीस ५० वर्षे उलटलेले व सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन ‘विंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. असे वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. वरातीस भाड्याने देता येत नाही. दसऱ्याचे सीमोल्लंघन ‘प्रदर्शन’ या शब्दात कसेबसे बसवावे लागते.

बंधन हेतूवर आले, धुराचे काय? पीयूसी चाचणीत भारत स्टेज-दोनपूर्व पेट्रोल चारचाकीस ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे, भारत स्टेज-दोन व स्टेज-तीन गाडीस ०.५ टक्के. म्हणजे १९३५ ची व १९९५ ची गाडी एकाच मापाने मोजली जाते. शिवाय हा आकडा उभ्या गाडीचा; कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून तो खाली आणता येतो. एकूण धूर ठरतो तो मुख्यतः गाडी किती धावली यावर. वर्षातून एकदा चौकापर्यंत जाणारी मोटार आणि रॅलीच्या नावाखाली दर रविवारी महामार्गावर धावणारी मोटार यांत मात्र ही दुरुस्ती भेद करीत नाही. हेतू मालकाच्या शब्दावर मानला जातो. किलोमीटरची नोंद कोणीच मागत नाही.